रॅम घ्यायची, पण पैसे जपून: सांगली-साताऱ्याच्या ग्राहकांचे नेहमीचे प्रश्न

मार्केट यार्डातले अडते, फोटो स्टुडिओवाले, एमएस-सीआयटी केंद्रं, इंजिनिअरिंगची मुलं, घरी जुना लॅपटॉप रेटणारे पालक यांच्याकडून तेच तेच प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. भाव मुद्दाम दिलेले नाहीत, कारण सोमवारचा भाव शनिवारी राहीलच असं नाही. भाव ताडून कसा पाहायचा, ते प्रश्न ९ मध्ये आहे.

१. कॉम्प्युटर फार स्लो झालाय. रॅम टाकली की पळेल का?

आधी बघा, मग पैसे काढा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये मेमरी पाहा. पण मशीन नुकतं चालू केलेलं असताना नको. टॅली, ब्राउझरमधल्या दहा टॅब, व्हॉट्सअ‍ॅप वेब, जे काही भर दुपारी उघडं असतं ते सगळं उघडून बघा. मेमरी ८५-९० टक्क्यांवर अडकलेली असेल तर रॅम कमी पडतेय.

मेमरी निम्मीच वापरात आहे आणि डिस्क मात्र शंभर टक्क्यांवर आहे, असं दिसलं तर दोष जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा. तिथे ३२ जीबी रॅम टाकली तरी विंडोज उघडायला तेवढाच वेळ लागणार. अशा मशीनला आधी एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क). मेमरी आणि डिस्क दोन्ही भरलेली दिसली, तर बहुधा रॅम अपुरी पडल्यामुळे विंडोज डिस्कवर भार टाकतंय. ४ जीबीच्या मशीनमध्ये हे हमखास होतं आणि तिथे दोन्ही बदलावं लागतं.

२. मला किती जीबी लागेल?

टॅली, एक्सेल, ऑनलाइन फॉर्म, ई-वे बिल: ८ जीबी. हेच काम आणि सोबत वीस टॅब उघड्या ठेवायची सवय: १६. फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं कोरल, फोटोशॉप: १६. लग्नाच्या अल्बमची मोठी पानं एकावेळी उघडत असाल किंवा फोर-के व्हिडिओ कापत असाल तर ३२. ऑटोकॅडचं साधं टू-डी काम ८ मध्ये होतं, थ्री-डी शिकणाऱ्याने १६ घ्यावी.

विंडोज ११ साठी कंपनीने किमान ४ जीबी सांगितली आहे. त्यावर ते सुरू होतं, एवढंच. चार जीबीवर काम करणं म्हणजे माणसाची परीक्षा.

३. माझ्या मशीनला कोणती रॅम बसते हे कसं ओळखायचं?

चार गोष्टी कळल्या पाहिजेत: पिढी (डीडीआर३, ४ की ५), आकार, मोकळे स्लॉट (रॅम खोचायच्या जागा) आणि मदरबोर्डाची कमाल मर्यादा.

टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर उजवीकडे खाली वेग आणि वापरलेले स्लॉट दिसतात. वेग १३३३ किंवा १६०० असेल तर डीडीआर३. २१३३ ते ३२०० असेल तर डीडीआर४. ४८०० किंवा ५६०० म्हणजे डीडीआर५. फॉर्म फॅक्टरपुढे ‘डीआयएमएम’ असेल तर डेस्कटॉपची मोठी स्टिक (रॅमची पट्टी), ‘एसओडीआयएमएम’ असेल तर लॅपटॉपची छोटी. ‘रो ऑफ चिप्स’ दिसलं तर रॅम बोर्डालाच डकवलेली आहे (प्रश्न ५ पाहा).

एका पिढीची स्टिक दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. मधली खाच वेगळ्या जागी असते. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही डेस्कटॉप स्टिकला २८८ पिनाच असतात, त्यामुळे लांबून सारख्या दिसतात. खाच मात्र जुळत नाही. जोर लावून बसवायला गेलात तर स्लॉट तुटतो, आणि मग बोर्डच बदलायची वेळ येते.

नुसती प्रोसेसरची पिढी सांगून रॅम मागू नका. इंटेलच्या सहाव्या पिढीचे एच११० बोर्ड डीडीआर३ चेही आले आणि डीडीआर४ चेही. बाराव्या पिढीचे एच६१० आणि बी६६० बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही जातींत मिळतात. एएमडीचं सोपं आहे: सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) एएम४ म्हणजे डीडीआर४, एएम५ म्हणजे डीडीआर५.

सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे जुनी स्टिक काढून तिच्या लेबलचा फोटो घेणं. दुकानात जाताना तो फोटो आणि मदरबोर्डाचं किंवा लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल सोबत असू द्या. ‘डेलचा काळा लॅपटॉप’ एवढ्यावर कुणी रॅम देत असेल तर घेऊ नका.

४. लेबलवर पीसी४-२४००टी-एसए१ असलं काहीतरी लिहिलंय. त्याचा अर्थ काय?

पीसी४ म्हणजे डीडीआर४, २४०० हा वेग. शेवटच्या तुकड्यातलं पहिलं अक्षर महत्त्वाचं: ‘एस’ लॅपटॉपची, ‘यू’ डेस्कटॉपची, ‘आर’ सर्व्हरची. पीसी३ नंतर ‘एल’ असेल तर ती १.३५ व्होल्टची डीडीआर३एल. काही लेबलांवर वेगाऐवजी मोठा आकडा छापतात. १२८०० म्हणजे १६००, १९२०० म्हणजे २४००, २१३०० म्हणजे २६६६, २५६०० म्हणजे ३२००. मोठ्या आकड्याला आठने भागलं की वेग मिळतो.

एल चा मुद्दा हलका घेऊ नका. इंटेल चौथ्या पिढीच्या लॅपटॉपला १.३५ व्होल्टचीच स्टिक लागते. १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ खाचेत नीट बसते, पण मशीन चालूच होत नाही. उलट बाजूने अडचण नाही: डीडीआर३एल जुन्या १.५ व्होल्टच्या मशीनमध्येही चालते. दोन्ही एकाच भावात मिळत असतील तर एल घ्या.

आणखी एक फसगत डेस्कटॉपची. ऑफिसांतून निघालेले पुस्तकाएवढे छोटे पीसी आणि बरेच ऑल-इन-वन दिसायला डेस्कटॉप असतात, पण आत लॅपटॉपची स्टिक लागते. झाकण उघडल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

५. माझ्या लॅपटॉपची रॅम वाढवता येत नाही असं दुकानदार म्हणतो. खरं असेल का?

असू शकतं. पातळ लॅपटॉपमध्ये एलपीडीडीआर जातीची रॅम बोर्डाला डकवलेली असते. अ‍ॅपलच्या एम१ पासूनच्या, म्हणजे २०२० नंतरच्या, कुठल्याही मॅकबुकमध्ये रॅम वाढवता येत नाही. मॅकबुक एअरमध्ये त्याआधीही येत नव्हती. काही मॉडेलांत अर्धी रॅम डकवलेली आणि एक स्लॉट मोकळा असतो. तिथे वाढवता येते, पण मर्यादा बघून.

पडताळायला लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल कंपनीच्या साइटवर टाका आणि सर्व्हिस मॅन्युअल उतरवून घ्या. त्यात ‘मेमरी मॉड्यूल’ काढायचं पान असेल तर स्टिक बदलता येते. नवा लॅपटॉप घेताना हे आधीच विचारलेलं बरं, कारण डकवलेल्या ८ जीबीला पुढे उपाय नाही.

६. माझी जुनी रॅम २४०० ची आहे आणि दुकानात फक्त ३२०० मिळते. चालेल का?

चालते. दोन्ही स्टिक कमी वेगावर, म्हणजे २४०० वर धावतात. ३२०० चे जास्त पैसे मागत असतील तर देऊ नका, कारण तो जादा वेग तुमचं मशीन वापरणारच नाही.

७. १६ जीबीची एक घ्यावी की ८ च्या दोन?

दोन स्टिक असल्या की प्रोसेसर दोन्हींकडून एकदम माहिती ओढतो. त्याला ड्युअल चॅनल म्हणतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनमध्ये याचा फरक डोळ्यांना दिसतो, कारण ग्राफिक्सही याच रॅमवर चालतं. टॅली आणि एक्सेलला काही कळणार नाही.

दोनच स्लॉट असतील आणि पुढे ३२ वर जायचं पक्कं असेल तर आज १६ ची एक घ्या. तसं नसेल तर ८ च्या दोन. चार स्लॉटच्या डेस्कटॉपवर दोन स्टिक शेजारी शेजारी लावू नका. बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो. बोर्डावर ए२ आणि बी२ अशी खूण छापलेली असते.

८. आधीची ४ जीबी आहे तशी ठेवून ८ जीबी लावली तर?

लावा, १२ जीबी होईल. इंटेलच्या मशीनवर ४ अधिक ४ एवढा भाग ड्युअल चॅनलवर चालतो आणि उरलेले ४ जीबी एकेरी. हे काही वाईट नाही. जुनी चालू स्टिक काढून फेकण्यापेक्षा हे केव्हाही स्वस्त. कंपनी वेगळी असली तरी सहसा जमतं. नाहीच जमलं तर प्रश्न १७ पाहा.

९. रॅम सांगलीतून घ्यावी, पुण्याहून आणावी की ऑनलाइन मागवावी?

नुसता छापील भाव बघून ठरवू नका. एका जीबीला किती पडतात ते काढा: एकूण रक्कम, त्यात पाठवणावळ आणि जाण्यायेण्याचं भाडं मिळवा. त्यातून दोन गोष्टी वजा करा आणि उरेल त्याला जीबीने भागा: जुन्या स्टिकचे दुकानदार देईल ते पैसे आणि तुम्ही जीएसटी भरत असाल तर परत मिळणारा कर (प्रश्न २०).

एका स्टिकसाठी साताऱ्याहून पुणे, म्हणजे जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर, हे कुठल्याच हिशेबात बसत नाही. सांगलीहून कोल्हापूर पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे, तरीही एका स्टिकसाठी नको. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर भाव खाली येतात, पण दहा-वीस नग घेणाऱ्याला. शिवाय स्टिक चालली नाही तर परत कोण जाणार?

गावातल्या दुकानाचा खरा फायदा असा की मशीन काखेत मारून नेता येतं. पोवई नाक्यावर असो की विश्रामबागला, दुकानदाराला म्हणा, “लावून दाखवा, चालली तर पैसे.” चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही. स्टिक त्याच्याकडे शिल्लक नसेल तर तो वितरकाकडून एक-दोन दिवसांत मागवतो. तेवढं थांबायला हरकत नाही. या सोयीसाठी ऑनलाइनपेक्षा पाच-सात टक्के जास्त गेले तर ते वाया गेले असं आम्ही मानत नाही.

ऑनलाइन घ्यायचं तेव्हा: पार्ट नंबर (लेबलवरचा मालाचा क्रमांक) नेमका माहीत असावा, विक्रेत्याचं नाव वाचावं (एकाच पानावर चार विक्रेते असतात), ‘परत’ आहे की फक्त ‘बदलून’ ते पाहावं, आणि पाकीट फोडताना सलग व्हिडिओ काढावा. दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये कार्डावरची सूट खरी असते; छापील किमतीवर काट मारून दाखवलेली सूट बऱ्याचदा नुसती दाखवायची. महिनाभर आधीपासून त्याच स्टिकचा भाव टिपून ठेवा, म्हणजे कळेल.

१०. भाव एकदम इतके चढले कसे? थोडं थांबू का?

जगातली बहुतेक डीरॅम (रॅमच्या चिप्स) सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या महागड्या मेमरीकडे त्यांनी आपली क्षमता वळवली आणि २०२५ च्या उत्तरार्धात साध्या रॅमचा पुरवठा आटला. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशियल या नावाने चालणारा किरकोळ ग्राहकांचा धंदा बंद करण्याचं जाहीर केलं. आधी विकलेल्या क्रुशियलची वॉरंटी सेवा चालू राहील, असंही कंपनीने सांगितलं आहे.

म्हणून दुकानदार भाव चढा सांगतो तेव्हा तो तुम्हालाच लुबाडतोय असं समजू नका. काम अडलेलं असेल तर थांबून उपयोग नाही. आज लागते तेवढीच घ्या. ‘पुढे लागेल’ म्हणून दुप्पट घेण्याचे दिवस हे नव्हेत. काम अडलेलं नसेल तर आधी सुरुवातीला आपोआप चालू होणारे प्रोग्रॅम बंद करून बघा. एखाददुसरा जीबी तिथेच मोकळा होतो.

११. सेकंड हँड रॅम घ्यावी का?

हो, निःशंक. रॅममध्ये हलणारा भाग नसतो, झिजण्यासारखं फारसं काही नसतं. पाच वर्षं चाललेली स्टिक आणखी पाच वर्षं चालते. डीडीआर३ तर सेकंड हँडच घ्यावी. सातव्या पिढीपर्यंतच्या इंटेल मशीनवर, एखाददुसरा अपवाद सोडला तर, विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० ची मोफत मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. अशा मशीनवर नव्या स्टिकचे पैसे घालणं जिवावर यायला हवं.

अट एकच: टेस्ट करून घ्यायची (प्रश्न १९) आणि किमान सात दिवस बदलून देण्याचं बिलावर लिहून घ्यायचं.

सांगलीसाठी एक खास सूचना. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात कितीतरी दुकानं, ऑफिसं पाण्याखाली गेली आणि तिथली मशीनं धुऊन-पुसून बाजारात आली. पुराच्या पाण्यात गाळ आणि मैला असतो. तो चिप्सखालच्या बारीक जोडांत शिरला की गंज हळूहळू चढतो. स्टिक महिना-दोन महिने चालते आणि मग दगा देते. सोनेरी पट्ट्यांवर हिरवट किंवा पांढरी भुकटी, लेबलची कड फुगलेली, चिपच्या कडेला मातीची रेघ, यातलं एकही दिसलं तर फुकट मिळाली तरी घेऊ नका. महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसाळी हवेत पडून राहिलेल्या स्टिकवर नुसता काळपटपणा येतो; तो मात्र पुसून जातो.

१२. डुप्लिकेट रॅम कशी ओळखू?

नकली म्हणजे दोन प्रकार. एक, जुन्या चिप्सवर नवं लेबल आणि झाकायला वरून रंगीत पत्रा. दोन, कमी वेगाची स्टिक जास्त वेगाची म्हणून विकलेली.

लेबलवर विसंबू नका. स्टिक लावून सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम चालवा आणि त्यातलं एसपीडी (स्टिकमध्येच साठवलेली तिची माहिती) पान बघा. निर्मात्याचं नाव, पार्ट नंबर, वेग आणि बनवल्याचा आठवडा-वर्ष तिथे येतं. लेबलवर नामांकित कंपनी आणि एसपीडीत निर्माता कोराच, असं असेल तर स्टिक परत करा. एसपीडीही बदलता येतं, म्हणून तेवढ्यावर थांबू नका. सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर तपासायची सोय असेल तर तोही टाका.

सॅमसंगचा पार्ट नंबर एम४७१ ने सुरू झाला तर लॅपटॉपची, एम३७८ ने डेस्कटॉपची, एम३९३ ने सर्व्हरची. हायनिक्सचा एचएमटी म्हणजे डीडीआर३, एचएमए म्हणजे डीडीआर४. एवढं पाठ असलं की अर्ध्या चोऱ्या काउंटरवरच पकडता येतात.

१३. ‘लॅपटॉपमधून काढलेली ओरिजिनल’ म्हणून सॅमसंगची स्टिक बिनखोक्याची देतात. घ्यावी का?

बहुधा माल चांगलाच असतो. नवा लॅपटॉप घेऊन लगेच मोठी रॅम टाकणाऱ्यांच्या त्या निघालेल्या स्टिक असतात. पण कंपनीची वॉरंटी तुम्हाला मिळत नाही, फक्त दुकानाची. खोकाबंद ब्रँडेड स्टिकवर दहा वर्षांची किंवा ‘आजीवन’ वॉरंटी असते, तेव्हा बिनखोक्याची स्टिक ठळकपणे स्वस्त असेल तरच घ्या. ‘आजीवन’ म्हणजे किती, ते खोक्यावरच्या बारीक अक्षरांत वाचा. ते आयुष्य स्टिकचं मोजतात, तुमचं नव्हे.

१४. ८ जीबी डीडीआर३ डेस्कटॉप रॅम ऑनलाइन अर्ध्या भावात दिसतेय. काय गोम आहे?

वर्णनात खाली कुठेतरी ‘फक्त एएमडीसाठी’ लिहिलेलं असेल. त्या स्टिकवरच्या चिप्स ४ बिट रुंदीच्या असतात. इंटेलचे साधे डेस्कटॉप बोर्ड ८ बिट रुंदीच्या चिप्स मागतात, म्हणून मशीन चालू होत नाही. एएम३, एएम३ प्लसच्या काळातल्या एएमडी बोर्डांवर त्या चालतात. तुमच्याकडे तसा बोर्ड नसेल तर हात लावू नका.

जी४१ चिपसेटच्या जुन्या बोर्डांची वेगळीच खोड आहे. त्यांना एका चिपमध्ये २ गिगाबिटपर्यंतच कळतं. ४ जीबीच्या स्टिकवर दोन्ही बाजूंना मिळून १६ चिप्स असतील तरच ती चालते; ८ चिप्सची नवी ४ जीबी स्टिक चालत नाही. चिप्स मोजून घ्या. एकूण मर्यादाही ८ जीबीच. एच६१ बोर्डाला दोन स्लॉट आणि कमाल १६ जीबी.

१५. सर्व्हरची १६ जीबी रॅम फार स्वस्त मिळतेय. ती डेस्कटॉपला लावता येईल?

रजिस्टर्ड जातीची असेल तर नाही. डीडीआर४ ची स्टिक स्लॉटमध्ये बसते, म्हणून माणूस फसतो. पण साधा बोर्ड ती ओळखत नाही. लेबलवरचं ‘आर’ अक्षर प्रश्न ४ मध्ये सांगितलंच आहे. एका बाजूला आठाऐवजी नऊ चिप्स दिसल्या तर ती ईसीसी (चुका सुधारणारी) जातीची आहे, एवढं समजून पुढे चौकशी करा.

१६. घरी स्वतः बसवता येईल का? पायऱ्या सांगा.

डेस्कटॉप: बंद करा, वायर काढा, वायर काढल्यावर पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या न रंगवलेल्या पत्र्याला हात लावा. स्लॉटची कानं उघडा. खाच जुळवा. दोन्ही टोकांवर अंगठ्याने सरळ दाबा, कान ‘टक’ आवाज करत बंद होईपर्यंत. पहिल्यांदा करणाऱ्याला लागणारा जोर जास्त वाटतो आणि तो कमी लावतो. ‘डिस्प्ले येत नाही’ या तक्रारीचं सर्वांत नेहमीचं कारण हेच.

लॅपटॉप: चार्जर काढा आणि खालचं झाकण उघडल्याबरोबर बॅटरीची पिन सोडवा. हे टाळू नका, बॅटरी जोडलेली असताना स्टिक काढली तर बोर्ड जाऊ शकतो. नवी स्टिक साधारण तीस अंशांच्या तिरक्या कोनात आत ढकला, सोनेरी पट्टी जेमतेम दिसेल इतकी, आणि मग खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या चिमट्या अडकल्या पाहिजेत. झाकणाचे स्क्रू लांब-आखूड असतात, काढले त्या जागेच्या क्रमाने कागदावर ठेवा.

वॉरंटीतला लॅपटॉप असेल आणि आत सील चिकटवलेलं दिसलं तर उघडण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

१७. नवी रॅम लावली आणि स्क्रीन काळी. नुसते बीप येतात. आता?

घाबरू नका, क्रमाने जा. डीडीआर५ असेल तर पहिल्या वेळी मशीन मेमरीची जुळवणी करतं. काही मिनिटं स्क्रीन काळी राहते. तेवढ्यात बंद केलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

दहा मिनिटांनंतरही काही नाही, तर फक्त जुनी स्टिक लावा. चालू झालं तर मशीन शाबूत. मग फक्त नवी, त्याच स्लॉटमध्ये. मग नवी दुसऱ्या स्लॉटमध्ये. एवढ्यावरून दोष स्टिकचा, स्लॉटचा की दोघींच्या न जमण्याचा ते कळतं. जुन्या स्टिकचे पाय पेन्सिलच्या पांढऱ्या मऊ खोडरबराने हलके पुसा, भुगा ब्रशने झाडा, शक्य असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने शेवटचा हात मारा. शाईचा खरखरीत रबर वापरू नका, त्याने सोन्याचा मुलामा निघतो.

दोन्ही एकेकट्या चालतात आणि जोडीने चालत नाहीत? डेस्कटॉपवरचा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून ठेवा. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी (रॅम जादा वेगाने चालवायची सोय) चालू असेल तर बंद करा. बोर्डाच्या कंपनीने नवं बायोस दिलं असेल तर ते टाका, पण लाइट जायच्या वेळेत नको. बायोस भरताना वीज गेली तर बोर्ड बसतो. इतकं करूनही नाही जमलं तर त्या दोघींचं जमत नाही, स्टिक बदलून घ्या.

१८. १६ जीबी टाकली, पण विंडोज १३.९ दाखवतंय. दुकानदाराने फसवलं?

नाही. आतल्या ग्राफिक्सने २ जीबी स्वतःसाठी बाजूला काढली आहे. एएमडीच्या मशीनवर हे नेहमीचं. बायोसमध्ये तो आकडा कमी करायची सोय काही बोर्डांवर असते. ८ टाकून ३.२-३.५ च दिसत असेल तर विंडोज ३२ बिटचं आहे. ६४ बिटचं टाकल्याशिवाय बाकीची रॅम वाया. १६ टाकून बरोबर ८ दिसत असेल तर एक स्टिक नीट बसलेली नाही. क्वचित कुणीतरी विंडोजच्या एमएस-कॉन्फिग या सेटिंगच्या बूटमधल्या प्रगत पर्यायांत कमाल मेमरीची खूण करून ठेवलेली असते, ती काढा.

१९. रॅम चांगली आहे की नाही, ते नक्की कसं तपासायचं?

विंडोजमधलं ‘मेमरी डायग्नॉस्टिक’ काउंटरवर पटकन बघायला बरं. घरी आल्यावर मेमटेस्ट८६ हा तपासणीचा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घालून रात्रभर चालू ठेवा. एकही लाल ओळ आली तर स्टिक परत. ‘एक-दोन एरर चालतात’ असं कुणी सांगेल, ते ऐकू नका. बिघडलेली रॅम मशीन बंद पाडते हे तर झालंच, पण त्याआधी ती फायली बिघडवते. टॅलीचा डेटा उघडत नाही, झिप फाइल फुटते, आणि दोष व्हायरसला दिला जातो.

२०. कच्चं बिल घेतलं तर स्वस्त देतो म्हणतात. घ्यावं का?

रॅमवर १८ टक्के जीएसटी आहे. हिशेब सोपा व्हावा म्हणून समजा, पक्क्या बिलाने स्टिक ५,९०० ला पडते: ५,००० मूळ, ९०० कर. तुम्ही नियमित जीएसटी भरणारे व्यापारी असाल आणि बिलावर तुमचा जीएसटी नंबर असेल तर ते ९०० करात वळते होतात. मग कच्च्या बिलाने ५,३०० ला देणाराच महाग पडला. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर ही वजावट मिळत नाही.

घरगुती ग्राहकाने वॉरंटीचा विचार करावा. बिल नाही तर दावा नाही. बिलावर पार्ट नंबर आणि स्टिकचा सिरियल नंबर लिहून घ्या.

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार, बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत आणि नसेल तर ३० दिवसांत सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणंही त्यातच येतं. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मात्र तुम्हीच चुकीच्या पिढीची स्टिक मागितली असेल तर तो दोष मालाचा नव्हे. तिथे दुकानदाराच्या भलेपणावर काम.

२१. आमच्या केंद्रात वीस मशीनं आहेत. एकदम घेतली तर किती सूट मागावी?

सूट नंतर, आधी एक स्टिक विकत घ्या. ती केंद्रातल्या प्रत्येक प्रकारच्या मशीनमध्ये लावून रात्रभर तपासा. मग त्याच पार्ट नंबरच्या उरलेल्या मागवा आणि एक जादा घ्या. कोटेशन तीन ठिकाणांहून घ्या, पण तिघांनाही तोच पार्ट नंबर द्या. नुसतं ‘८ जीबी डीडीआर४’ लिहिलंत तर प्रत्येक जण वेगळ्या मालाचा भाव देईल आणि तुलना करता येणार नाही. निघालेल्या जुन्या स्टिकचा भावही त्याच कोटेशनमध्ये मागा. वीस जुन्या स्टिकचे पैसे सुटीपेक्षा जास्त भरू शकतात.

२२. पेनड्राइव्हची रॅम करता येते असा व्हिडिओ पाहिला. खरं का?

पेनड्राइव्ह रॅमच्या वेगाच्या जवळपासही जात नाही. रेडीबूस्ट नावाची ती सोय फिरत्या हार्ड डिस्कच्या जमान्यातली. एसएसडी असेल तर तिचा काडीचा उपयोग नाही. तो पेनड्राइव्ह मेमटेस्टसाठी ठेवा.